रोल नंबर १ ते ६४ : स्मरणिकेच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४
काम गळ्यात पडलं. पदवी घेऊन यंदा ४० वर्षं होतात, म्हणून कोणीतरी "स्मरणिका काढू या" म्हणालं, सगळ्यांनी "वा, वा" केलं आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोबतीला रोल नंबर १२. ती निवृत्तीपर्यंत ग्रंथपाल होती, म्हणजे दोघांपैकी एकाला तरी काम येतं.

ठरलेलं एवढंच: वर्गातल्या प्रत्येकाचं एक पान. नोकरी-धंदा, घरचे लोक, सध्या काय चाललंय. या नोंदींत नावं लिहायची नाहीत, रोल नंबरच लिहायचे, अशी १२ ची अट. "फाइल कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि तुझ्या हातून तर नक्कीच लागेल."

१४ जानेवारी
हजेरीपटाची झेरॉक्स मिळाली. एकूण ६४. त्यातले संपर्कात ३७, पत्ता लागायचा आहे असे २२, गेलेले ५. मराठीत 'गेलेले' म्हटलं की वाद संपतो, पण रकान्यात तो शब्द टाइप करताना हात थोडा थांबला.

फॉर्म तयार केला. रकाने: पदवीनंतरचं शिक्षण, नोकरी/व्यवसाय, हुद्दा, पुरस्कार व सन्मान, जोडीदार, मुलं काय करतात, छंद. १२ ने वाचला आणि म्हणाली, "हा लग्न जुळवायचा फॉर्म वाटतो." मी म्हटलं, चालतंय, पाठवू या. (चालत नव्हतं. ते पुढे येईलच.)

२१ जानेवारी
गटाचा फोटो मोठा करून घेतला. मूळ कृष्णधवल आहे, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. ३०० डीपीआयला चेहरे लापशी होत होते, ६०० ला स्कॅन केल्यावर निदान चष्मे दिसायला लागले. मागे नावं लिहिलेली नाहीत. कोणीतरी पेन्सिलीने फक्त "बसलेले, डावीकडून" एवढं लिहून सोडून दिलंय. त्या माणसाचं मन मला कळतं.

फोटोत आम्ही ५८ जण. यादी न बघता मला ३१ नावं लिहिता आली. मग यादी समोर ठेवून जोड्या लावल्या, तर ४९ जमली. वय झालं म्हणून मी खट्टू झालो होतो, पण १२ ने मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ जणांना त्यांच्याच शाळेच्या वार्षिकांकातले चेहरे आणि नावं दाखवून चाचणी घेतली. शाळा सोडून १५ वर्षं झालेल्यांनी सुमारे ९० टक्के चेहरे बरोबर ओळखले. ४८ वर्षं झालेल्यांचंही प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं. समोर काही नसताना नावं आठवायला सांगितली की मात्र आकडा धाडकन खाली येत होता. म्हणजे माणसं डोक्यात असतात, फक्त बोलावल्यावर येत नाहीत. दाखवल्यावर येतात. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

२८ जानेवारी
आज ११ फोन. 'अहो' वरून 'अरे' वर यायला किती वेळ लागतो ते मोजायला लागलोय.

"आपण कोण बोलताय?"
"मी... आपण एका वर्गात होतो. रोल नंबर १९."
शांतता.
"प्रयोगशाळेत ब्यूरेट फोडलं होतंस तो?"
"तो २० होता. मी फक्त शेजारी उभा होतो."
"अरे गाढवा! कुठे आहेस तू?"

साधारण दहा सेकंद. एक वर्गमित्र आता मोठ्या पदावर आहे, तो शेवटपर्यंत 'अहो' च राहिला. मीही मग 'सर' म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर दोघांनाही वाईट वाटलं असणार. मला तरी वाटलं.

छापताना एकेरी लिहायचं की आदरार्थी, हा प्रश्न त्यातून निघाला. बासष्टीच्या माणसाला 'तो' म्हणायचं? निर्णय: हयात असलेल्यांना एकेरी, कारण आम्ही वर्गात तसेच होतो. गेलेल्यांना आदरार्थी, कारण त्यांची पानं त्यांची मुलं वाचणार.

११ फेब्रुवारी
भरलेले फॉर्म आले २६. वाचून काढले आणि झोप आली. सगळे यशस्वी आहेत. सगळ्यांची मुलं उत्तम चालली आहेत. छंद: वाचन, संगीत, प्रवास. २६ पैकी २१ जणांचा छंद वाचन, आणि यातल्या निदान सहा जणांना मी ग्रंथालयाचं दार कुठे आहे ते दाखवलेलं आहे.

डॅरेल हफ यांच्या 'हाउ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' या १९५४ च्या पुस्तकाची सुरुवातच अशा एका तुकडीपासून होते. येल विद्यापीठातून १९२४ साली बाहेर पडलेल्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न २५,१११ डॉलर, अशी बातमी होती. हफ यांनी साधे प्रश्न विचारले. पत्ते कोणाचे सापडले? ज्यांचं बरं चाललंय त्यांचे. उत्तरं कोणी पाठवली? ज्यांना आकडा लिहायला लाज वाटली नाही त्यांनी. आणि लिहिणाऱ्यांनी तरी खरा आकडा लिहिला कशावरून? आमच्या २६ फॉर्मांना हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. आम्ही उत्पन्न विचारलं नव्हतं इतकंच. त्याऐवजी हुद्दा विचारला.

१५ फेब्रुवारी
रोल नंबर ५ चं मनोगत चार पानी आहे. बढत्या सालवार. एक पान करायला सांगितलं तर म्हणाला, "कुठली बढती गाळू?" कोपरखळी नव्हती, खरंच विचारत होता.

१८ फेब्रुवारी
अर्धा दिवस फॉन्टपायी गेला. तिघांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलंय. युनिकोडमध्ये आणलं की पहिली वेलांटी एक अक्षर सरकते, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. 'निवृत्ती' चं काय झालं ते इथे लिहिता येणार नाही, कळफलकच तयार नाही. शेवटी १२ ने वाचून दाखवलं आणि मी पुन्हा टाइप केलं. ४० वर्षांपूर्वी तिच्या वह्यांवरून जर्नल उतरवायचो, तेच.

२५ फेब्रुवारी
रोल नंबर २८ चा फॉर्म. सात रकान्यांपैकी चारांत 'लागू नाही'. १२ म्हणाली, या बाईला फोन कर, आणि हुद्दा विचारू नकोस.

पाऊण तास बोलणं झालं. नोकरी कधी केली नाही. पण चोपन्नाव्या वर्षी कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतला आणि तीन वर्षांत पूर्ण केली. कारण? भावाशी जमिनीचा दावा चालू होता आणि वकील काय बोलतो ते तिला समजत नव्हतं. "वर्गात सगळे मला काकू म्हणायचे. एक प्राध्यापकसुद्धा. ते माझ्या मुलापेक्षा लहान होते, मग मीही काही बोलले नाही." दाव्याचं काय झालं? "चालू आहे. पण आता तारखेला मी उठून बोलते. भाऊ समोर बसलेला असतो. बाहेर आलो की त्याच्या गुडघ्याची चौकशी करते."

मग 'पदवीनंतरचं शिक्षण' या रकान्यात 'लागू नाही' का लिहिलंस? "त्याचा काही उपयोग केला नाही ना नोकरीसाठी."

आमचा फॉर्म वाईट आहे. आता कबूल करतो.

२६ फेब्रुवारी
१२ शी फॉर्मवरून लांबलचक बोलणं. त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहणाऱ्या दोन अभ्यासांची तिने आठवण काढली. हार्वर्डमधला १९३८ साली सुरू झाला, २६८ विद्यार्थी घेऊन. साधारण दर दोन वर्षांनी प्रश्नावली, अधूनमधून तपासण्या आणि मुलाखती, आणि हे अजून चालू आहे, आता पुढच्या पिढीपर्यंत पोचलंय. त्या २६८ मध्ये जॉन एफ. केनेडीही होते. आणि बाई एकही नाही, कारण तेव्हा तिथे बायकांना घेतच नसत. मिल्स कॉलेजमधून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या शंभरावर बायकांचा असाच दीर्घ मागोवा मानसशास्त्रज्ञ रॅव्हेना हेल्सन यांनी घेतला. त्यात एकाच बाईला विशी, चाळिशी, पन्नाशी आणि पुढेही विचारलं गेलं. चाळिशीतल्या उत्तरावरून पुढच्या माणसाचा अंदाज बांधता येत नाही, हे १२ ला त्यातलं आवडतं. २८ नंबरचं उदाहरण तर समोरच आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी आम्ही स्मरणिका काढली असती तर तिचं पान कोरं गेलं असतं.

मला त्यातलं वेगळंच आवडलं: ते लोक उत्तर आलं नाही म्हणून नाव खोडत नाहीत. मागे लागतात.

३ मार्च
गेलेल्या पाच जणांची पानं आधी लिहायला घेतली होती, ती आज पूर्ण. त्यांना फॉर्म पाठवता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बाकीच्यांना विचारलं होतं. आणि ही पाचच पानं वाचण्यासारखी झाली आहेत!

रोल नंबर ४७ चंच बघा. स्वतः फॉर्म भरला असता तर 'खासगी कंपनीत कामाला, दोन मुली, छंद वाचन' असं आलं असतं. त्याऐवजी आठ जणांकडून आलेलं असं: तासाला नेहमी शेवटी यायचे आणि दार कधी वाजू द्यायचे नाहीत. एका सायकलवर तिघांना बसवून परीक्षेला नेलं होतं आणि चौथा आपण स्वतः आहोत हे विसरून पुढे गेले होते (म्हणजे काय ते कोणालाच नीट सांगता येत नाही, पण सगळे हसतात). एकीच्या वडिलांच्या आजारपणात तीन महिने रोज संध्याकाळी तिच्या नोट्स पोचवल्या आणि त्या नोट्स अत्यंत चुकीच्या होत्या. ती नापास झाली. अजूनही कृतज्ञ आहे.

१२ म्हणाली, "माणूस मेल्यावरच आपण इतरांना विचारतो. जिवंत माणसाला त्याचंच विचारतो. उलटं करू या."

नवा फॉर्म. रकाने सगळे काढले. प्रत्येकाला तीन रोल नंबर द्यायचे, सोबत त्या तिघांचे गटाच्या फोटोतले कापलेले चेहरे. प्रश्न एकच: याच्याबद्दल काय आठवतं? बारिक साहेबांची कृपा. नाव वाचून "हो हो, होता कोणीतरी" म्हणणारे चेहरा बघून दोन पानं लिहितात.

गेलेल्यांची पानं शेवटी वेगळ्या विभागात घ्यावीत असं मी म्हटलं होतं. १२ म्हणाली, "वर्गात ते शेवटी बसायचे का?" सगळे रोल नंबरांच्या क्रमानेच येतील.

१० मार्च
नव्या पद्धतीने आठवडाभरात ७० च्या वर आठवणी. त्यातल्या सात ब्यूरेटच्या. सातांपैकी चौघांच्या मते मीच फोडलं. संपादक असल्याचा एवढा तरी फायदा घेणार: २० हाच खरा.

१७ मार्च
रोल नंबर ९ आणि ३३. वर्गात असल्यापासूनची जोडी, पुढे लग्न, मग सोळा वर्षांनी वेगळे झाले. दोघांनी आपापला मजकूर पाठवलाय. ९ च्या पानावर 'एक मुलगी, वास्तुविशारद' आहे, ३३ च्या पानावरही तीच मुलगी आहे आणि दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख नाही. वाचणाऱ्याला वाटेल वर्गातल्या दोघांच्या दोन वेगळ्या मुली वास्तुविशारद झाल्या.

मी चार दिवस फोन टाळला. मग १२ ने ३३ ला लावला. तिचं उत्तर दोन मिनिटांत: "मुलगी दोघांची आहे, दोन्ही पानांवर येऊ दे. आमचं लग्न झालं होतं हे सगळ्या वर्गाला माहीत आहे, सगळा वर्ग जेवून गेलाय. लपवता कशाला? एक ओळ टाका." सहलीतला दोघांचा फोटो घेऊ का, असं ९ ला मी विचारलं. तो म्हणाला, "घे. तेव्हा केस होते."

२४ मार्च
रोल नंबर ५ चा रात्री फोन. त्याच्याबद्दलच्या आठवणी त्याला वाचायला पाठवल्या होत्या. बढत्यांचं एक अक्षरही त्यात कोणी लिहिलेलं नाही, साहजिकच. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, २००९ मध्ये नोकरी गेली होती. चौदा महिने. पहिले पाच महिने घरी सांगितलंच नाही, रोज ठरलेल्या वेळी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि वाचनालयात बसायचा. "म्हणून छंदात वाचन लिहिलंय. ते खरं आहे."

हे छापू नकोस म्हणाला. नाही छापणार, म्हटलं.

२५ मार्च
सकाळी सातला ५ चा निरोप: "छाप. बढत्या काढ, जागा होईल."

३० मार्च
आजची स्थिती: संपर्कात ४९, पत्ता नाही ९, गेलेले ६. बावीसातले बारा सापडले, एक सापडायला उशीर झाला.

नऊ जणांपैकी सहा बायका आहेत. लग्नानंतर नाव बदललं की हजेरीपटावरच्या नावाने शोधून काही उपयोग नाही. कोणाच्या लग्नाला कोण गेलं होतं, एवढाच धागा. त्यावरून दोघी मिळाल्या होत्या, बाकीच्यांचं कळत नाही. त्यांचीही पानं ठेवायची: फोटोतला चेहरा आणि इतरांच्या आठवणी. एक जण मात्र फोटोतही नाही, त्या दिवशी गैरहजर. त्याची रिकामी चौकट छापू.

छापखान्याचं गणित: डेमी आकार, ८० पानं, म्हणजे १६ पानांचे बरोबर पाच फॉर्म (हे छापखान्याचे फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). एक पान वाढलं तर सहावा फॉर्म लागेल आणि पंधरा पानं कोरी राहतील. मुद्रकाने शांतपणे सुचवलं की कोऱ्या पानांवर 'टिपणं' असं लिहितात.

७ एप्रिल
हे सविस्तर लिहायला हवं.

गेलेल्यांच्या घरून फोटो आणि परवानगी घ्यायची राहिली होती. पाच घरांशी बोलणं झालं. ४७ चा नंबर मिळत नव्हता, तो आज जुन्या शेजाऱ्याकडून मिळाला. लावला. एका पुरुषाने उचलला. मी अशा फोनसाठी ठेवलेला हळू आवाज काढला आणि पूर्ण नाव घेऊन विचारलं, "यांचंच घर ना?"

"हो. बोलतोय."

मला काही सुचेना. आडनाव एक असलेला भाऊ असेल म्हणून पुन्हा नाव घेतलं. "अहो, मीच तो. आपण कोण?"

रोल नंबर सांगितला. हा गडी लगेच ओळखून आनंदाने ओरडला. मी ओरडू शकलो नाही. त्याने दोनदा विचारलं, "काय रे, आजारी आहेस का?" शेवटी खरं सांगितलं. तो गेल्याचं मला तिघांनी सांगितलं होतं. आता चौकशी केल्यावर कळलं की त्या तिघांनाही एकाच माणसाने सांगितलं होतं आणि त्याने नाव-आडनाव सारखं असलेल्या दुसऱ्याच कोणाची बातमी ऐकली होती. तीन साक्षीदार आहेत असं मी समजत होतो, होता एकच, तोही ऐकीव.

पलीकडे शांतता. मग: "पान लिहिलंयस?"
"हो."
"वाच."

वाचलं. सायकल आली तेव्हा हसला. चुकीच्या नोट्सचं आलं तेव्हा म्हणाला, "चुकीच्या? त्या मी स्वतः बनवल्या होत्या." ती नापास झाल्याचं त्याला आजवर माहीतच नव्हतं. तिचा नंबर मागून घेतला. मी माफी मागत होतो, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाला, "तुम्ही सगळीकडे 'ते', 'होते', 'यायचे' लिहिलंय. बाकीच्यांनाही असंच?"

नाही, म्हटलं, हयात असलेल्यांना एकेरी.

"म्हणजे अहो-जाहो करून घ्यायला मरावं लागतं."

८ एप्रिल
१२ ला सांगितलं. पाच मिनिटं बोलली नाही. मग बाकीच्या पाचांची पुन्हा खात्री करायला लावली, प्रत्येकी घरच्याच माणसाकडून. ती झालेलीच होती, तरी केली. आता नियमच: ऐकलं कोणाकडून आणि त्याने कोणाकडून, दोन्ही लिहायचं. सुधारित आकडे: संपर्कात ५०, पत्ता नाही ९, गेलेले ५.

१४ एप्रिल
५० पैकी ४३ जणांची पूर्ण पानं. चौघांना एकेक ओळच हवी, ती एका पानावर एकत्र. तिघांना काहीच नको, त्यांचे फक्त रोल नंबर. त्यातल्या एकाने कारण दिलं: "माझं ठीक चाललंय, पण सांगायचं नाही." हे वाक्य छापू का विचारलं, तर नाही म्हणाला.

२१ एप्रिल
शेवटचं मुद्रितशोधन. ४७ ने स्वतःचा मजकूर द्यायला नकार दिला. आहे तेच पान ठेवा, म्हणाला, फक्त जिवंत करा. १२ वाचत गेली, मी लाल पेनाने दुरुस्त करत गेलो. नऊ ठिकाणी 'ते' चं 'तो', दोन ठिकाणी 'होते' चं 'आहे'. 'तासाला नेहमी शेवटी यायचे' इथे आल्यावर ती थांबली. 'यायचा' करू की 'येतो' करू?

फोन लावून विचारलं. उचलला नाही. रात्री उशिरा त्याचा निरोप आला: "बाहेर होतो. 'येतो' करा."